निर्वासित-साहाय्यातील वस्तुदान व त्याची वर्गवारी

निर्वासितांच्या साहाय्याची चर्चा करताना दान किती जमले याची नोंद आवर्जून होते. जमलेल्या वस्तू निवडून, लावून ठेवणाऱ्या स्वयंसेवकाचे काम मात्र हमालीच्या सदरात पडते. ही समजूत कितपत बरोबर, हे नाशिकनजीकच्या देवळालीच्या उदाहरणावरून तपासता येईल.

फाळणीनंतर, विशेषतः जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर, सिंधमधील हिंदू मोठ्या संख्येने समुद्रमार्गे मुंबईस आले. त्यांची सोय मुंबई प्रांतातील लष्करी छावण्यांत करण्यात आली. कल्याणप्रमाणे देवळालीच्या बराकीही त्या कामी आल्या. येणाऱ्यांत नागर मध्यमवर्ग मोठा होता. ‘शरणार्थी’ हा शब्द अनेकांना बोचे. त्याऐवजी ‘पुरुषार्थी’ म्हणवून घेणे ते पसंत करीत.

अशा माणसांपुढे फाटक्या कपड्यांचे गाठोडे सोडून ‘हवे ते घ्या’ म्हणणे म्हणजे साहाय्य नव्हे. बळकट माणूस आधी पोहोचतो. विधवा, वृद्ध व संकोची मागे राहतात. म्हणून गाठोडे वाटपापूर्वी, आणि घेणाऱ्यांच्या दृष्टीआड, सोडावयाचे असते. नेसण्याजोगे व डागडुजीचे वेगळे करणे, मुलांचे कपडे वयाप्रमाणे लावणे, पादत्राणांचे जोड बांधणे (सुटा जोडा कोणाच्याच उपयोगाचा नाही!), आणि प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी लावणे, असा हा क्रम आहे. पण खरी कसोटी पुढे आहे. नाशिककडील घरांतून सहज मिळणारे वस्त्र म्हणजे नऊवारी लुगडे. सिंधी स्त्रियांचा परंपरागत वेष सुथण-कुडत्याचा. तेव्हा तेच वस्त्र ‘लुगडे’ म्हणून मांडावे की ‘शिवणाचे कापड’ म्हणून, हा निर्णय घेणाऱ्याचे राहणीमान जाणल्यावाचून होत नाही. वर्गवारी हे येथे समाजज्ञानाचेच काम ठरते.

याच्या अगदी उलट टोकाचे दानही नाशिकनेच पाहिले आहे. १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, तेव्हा सरकारने १५ नोव्हेंबरपासून टपालावर ५ पैशांचा जादा आकार बसविला. त्यासाठीचे खास तिकीट नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात छापले गेले. या दानास ना मळ, ना माप. ते निवडावे लागत नाही. परंतु कोणाच्या अंगावर काय बसेल, हे तिकिटास कळत नाही. पैशाचे कापड झाले की ते पुन्हा कोणीतरी मापून, चिठ्ठी लावून ठेवावेच लागते.