पत्रा ताणायचा आणि आकसवायचा

१९६२ ते १९६४ या काळात इटलीत मोडेनाला, सर्जियो स्काग्लिएत्ती यांच्या कारखान्यात फेरारी २५० जीटीओच्या बॉडी तयार होत होत्या. त्या ३६ गाड्या आज जगातल्या सगळ्यात महागड्या गाड्यांत मोडतात. त्यांचा ॲल्युमिनियमचा पत्रा कारागिरांनी हातोड्यानं ठोकून, वाळूच्या पिशवीचा आधार देत वळवला. स्काग्लिएत्तींचं बरंचसं काम कागदावरच्या नकाशाविना, डोळ्यांच्या अंदाजानं चाले. ही एवढी गोष्ट नीट लक्षात घेतली तरी हातानं बॉडी घडवण्याबद्दलचे निम्मे गैरसमज गळून पडतात. उरलेले मात्र चिवट आहेत आणि त्यांपायी अनेक हौशी लोक एक तर कामाला हातच घालत नाहीत किंवा चांगला पत्रा वाया घालवतात.

पहिली धास्ती यंत्रांची. प्रेस नाही, मग मडगार्डला गोलाई कशी येणार? प्रेस हे संख्येचं यंत्र आहे. त्याचे पोलादी साचे इतके महाग पडतात की एकाच आकाराचे हजारो भाग काढायचे असतील तरच तो खर्च निघतो. इंग्लंडमध्ये थेम्स डिटन इथं एसी कंपनीनं १९५३ पासून ‘एस’ आणि १९६२ पासून तिच्यावरूनच निघालेली ‘कोब्रा’ बनवली, ती नळ्यांच्या सांगाड्यावर हातानं घडवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा चढवून. एवढ्या थोड्या गाड्यांसाठी साचे परवडलेच नसते.

प्रेस नको म्हटलं की लोक इंग्लिश व्हीलकडे वळतात, जणू त्याच्याशिवाय पानही हलणार नाही. दोन चाकांमध्ये पत्रा दाबून मागंपुढं सरकवायचा, असं हे साधन. ते पत्रा थोडा पातळ करून पसरवतं आणि हातोड्याचे व्रण छान मिटवतं. पण कडेचा पत्रा आकसवणं त्याला जमत नाही आणि मडगार्डच्या कामातला अर्धा भाग तोच असतो. सुरुवातीला वाळू भरलेली जाड चामड्याची पिशवी, खळगा कोरलेला लाकडाचा ओंडका, गोल तोंडाचा लाकडी हातोडा, दोन-तीन डॉल्या (पत्र्यामागं धरायचे पोलादी ठोकळे), चांगली कातर आणि कानस पुरते. जुन्या लीफ स्प्रिंगच्या पट्टीला चामडं चढवलं की व्रण मिटवायची चापटही घरीच होते. वेळ मात्र भरपूर लागतो, त्यात सूट नाही.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. ठोकल्यानं पत्रा वाकतो, एवढंच बहुतेकांच्या मनात असतं. एकाच दिशेनं वळलेला पत्रा, म्हणजे नळीसारखा, नुसता वाकवून मिळतो. मडगार्ड मात्र दोन दिशांना वळलेलं असतं. सपाट पत्र्यातून असा घुमट काढायचा तर मधला भाग वाढवावा लागतो किंवा कडेचा भाग कमी करावा लागतो. नवखा माणूस फक्त पहिलं करतो. पिशवीवर मध्यभागी ठोकत राहतो, मधला पत्रा पातळ होत जातो आणि हवी तेवढी खोली येण्याआधीच तडकतो. जाणकार कडेपासून सुरुवात करतो. दोन गोल सळ्यांचा चिमटा करून तो कडेला पातळाच्या निऱ्यांसारख्या चुण्या घालतो आणि प्रत्येक चुणी उलगडू न देता ठोकून जागच्या जागी जिरवतो. चुणीतला धातू कुठं जात नाही, तिथंच दाटतो. कड जाड होते, तिची लांबी घटते आणि मधला भाग आपोआप उचलला जातो. पातळ होण्याऐवजी पत्रा शाबूत राहून आकार मिळतो, हा या कामातला सर्वांत मोठा फायदा.

कुठं ताणायचं आणि कुठं आकसवायचं हे कळायला फार मोठ्या अनुभवाची गरज असते, असंही मानलं जातं. ते साधा जाड कागद सांगतो. प्लायवुडच्या आडव्या-उभ्या फळ्या कापून बॉडीच्या आकाराचा सांगाडा करायचा किंवा शाबूत बाजूच्या मडगार्डलाच आधार मानायचं आणि त्यावर कागद घट्ट बसवायचा. कागद ताणला जात नाही आणि आकसतही नाही, म्हणून तो खरं सांगतो. जिथं कडेला सुरकुत्या पडतील तिथं पत्रा आकसवायचा. जिथं कागद बसवण्यासाठी चीर द्यावी लागेल आणि ती फाकेल तिथं पत्रा ताणायचा. या खुणा पत्र्यावर उतरवून घेतल्या की हातोडा कुठं मारायचा याचा अंदाज राहत नाही, आराखडा होतो. माझ्या मते या एका कागदी युक्तीची किंमत कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त आहे, आणि तरीही ती सगळ्यात कमी सांगितली जाते.

‘ॲल्युमिनियम मऊ, म्हणून सोपं’ हे अर्धसत्य आहे. ठोकला की कुठलाही पत्रा कठीण होत जातो. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याचं भांडं मठारतात तेव्हा चकाकीबरोबर ताकदही येते, ती याच कारणानं. कठीण झालेलं तांबं तापवून पुन्हा नरम करता येतं आणि लालसर झालेलं तांबं डोळ्यांनी दिसतं. ॲल्युमिनियम अशी खूण देत नाही. ते सुमारे ३५० अंश सेल्सिअसला नरम होतं, ६६० अंशांच्या आसपास वितळतं आणि मधल्या टप्प्यात लालीचा पत्ताही नसतो. वाट पाहत बसलं की पत्र्याला एकाएकी भोक पडतं. म्हणून आधी ॲसिटिलीनच्या धुरकट ज्योतीनं पत्र्यावर काजळी धरायची, मग ज्योत साफ करून ती काजळी उडेपर्यंत फिरवत राहायची. काजळी गेली की थांबायचं. कपडे धुण्याचा साबण घासला तर तो काळसर तपकिरी होतो, तीही चालणारी खूण आहे.

याच्याशी जोडलेली दुसरी चूक म्हणजे जास्त ताकदीचं मिश्रण निवडणं. ‘६०६१-टी६’ हे नाव विमानांमुळे ऐकलेलं असतं, म्हणून ते आणलं जातं. खोल आकार देताना ते तडकतं. बॉडीसाठी जवळपास शुद्ध ॲल्युमिनियम किंवा ३००३ सारखं मँगनीजचं मिश्रण योग्य. जाडी साधारण १.२ ते १.६ मिलिमीटर.

जाडीवरून वजनाचा हिशोबही सांगायला हवा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास एक तृतीयांश वजनाचं, म्हणून बॉडी तिप्पट हलकी होईल असं समजतात. पण त्याचा ताठपणाही एक तृतीयांशच आहे. ०.९ मिलिमीटरच्या पोलादी पत्र्याइतका ताठ पत्रा हवा असेल तर ॲल्युमिनियम सुमारे १.३ मिलिमीटर जाड घ्यावं लागतं. हिशोब केला तर वजन निम्म्यावर येतं. बचत मोठी आहे, पण तिपटीची नाही.

‘खरा उस्ताद एका पत्र्यात मडगार्ड काढतो’ हा समज मला घातक वाटतो, कारण त्यापायी लोक अशक्य खोलीच्या मागे लागतात. चांगला कारागीर अवघड आकाराचे लहान तुकडे करतो आणि जोड शक्यतो कमी गोलाईच्या जागी आणतो, म्हणजे तिथं सरळ रेषेत वेल्डिंग करून ते ठोकून सपाट करता येतं. गॅस वेल्डिंगचा किंवा टिग या विजेच्या वेल्डिंगचा सांधा मऊ राहतो आणि हातोड्याला दाद देतो. मिग या दुसऱ्या विजेच्या वेल्डिंगचा सांधा कठीण आणि उंच असतो, त्याला घासावंच लागतं. ॲल्युमिनियमच्या गॅस वेल्डिंगमध्ये दोन गोष्टी मुळीच टाळू नयेत. सांधा साफ ठेवणाऱ्या फ्लक्स या रसायनाच्या पिवळ्या झगमगाटासाठी खास काचेचा चष्मा लागतो, साधा वेल्डिंगचा चष्मा चालत नाही. आणि काम झाल्यावर फ्लक्स गरम पाण्यानं, ब्रशनं घासून पूर्ण काढावा लागतो, नाहीतर तो नंतर पत्रा खातो.

पुट्टी म्हणजे फसवणूक, असं पुष्कळांचं ठाम मत असतं. मग कारखाने काय करत होते? १९६१ साली आलेली जग्वार ई-टाइप डोळ्यांना एकसंध दिसते. प्रत्यक्षात तिच्या बोनेटचा मधला भाग आणि दोन्ही बाजू वेगळ्या असून त्यांच्या सांध्यांवर बारीक पट्टी बसवलेली असते. बॉडीचे इतर कित्येक सांधे शिसं आणि कथिलाच्या मिश्रणानं भरून कानसलेले होते. त्या काळी तीच रीत होती. पुट्टीही पातळ थरात, ठोकून सपाट केलेल्या पत्र्यावर असेल तर त्यात खोटं काही नाही. खड्डा न उचलता वर जाड थर दिला तर मात्र तो तडकतो आणि सुटतो. शिसं भरायचं असेल तर ते हातकानशीनंच घासावं. यंत्रानं उडालेली शिशाची धूळ विषारी असते.

एकाच मॉडेलच्या मूळ गाड्या तंतोतंत सारख्या असतात हा समज सुटे भाग मागवणाऱ्यांना महागात पडतो. हातानं घडवलेल्या दोन जीटीओ एकमेकींशी हुबेहूब जुळत नाहीत, मग एका गाडीचं बोनेट दुसरीवर नीट बसेल याची खात्री कुठून मिळणार? म्हणून मोजमाप आपल्याच गाडीवर, तेही गाडी चाकांवर उभी करून, इंजिनाचं वजन सांगाड्यावर असताना घ्यावं. रिकाम्या सांगाड्यावर बसवलेल्या दारांच्या फटी वजन आल्यावर बदलतात.

आणि शेवटचा समज, ‘ॲल्युमिनियम गंजत नाही’. त्याला पोलादासारखा तांबडा गंज चढत नाही, हे खरं. पण ओलाव्यात पोलादाला खेटून असलं की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होतं. मिलानच्या टूरिंग कंपनीच्या ‘सुपरलेजेरा’ पद्धतीत बारीक पोलादी नळ्यांवर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवतात. अ‍ॅस्टन मार्टिननं ती परवान्यानं घेऊन १९५८ पासून डीबी४ साठी वापरली. आज त्या गाड्यांची दुरुस्ती करताना पत्रा सर्वात जास्त खाल्लेला दिसतो तो नळ्यांना टेकतो तिथं. त्यामुळे पत्रा चढवण्याआधी नळ्यांना रंगाचे पक्के थर द्यावेत, त्यांवर मेण किंवा डांबर लावलेली पट्टी गुंडाळावी आणि मगच कड दुमडावी. कड एकदा दुमडली की आतली नळी पुन्हा रंगवता येत नाही.