ट्रॉलीमागचा दिवा लागतो का? आजच बघा



ऊसतोड सुरू झाली, रात्रीच्या खेपाही सुरू झाल्या. परवा फाट्याजवळ माझी मोटरसायकल भरलेल्या ट्रॉलीवर जाता जाता वाचली. ट्रॉलीला दिवा होता, रिफ्लेक्टरही होता. पण दोन्ही लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेले. ताशी ६० नं येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढं येते. डिपरच्या उजेडात ट्रॉली दिसेपर्यंत ब्रेक मारायला जागाच उरत नाही. म्हणून दिवा रिकाम्या ट्रॉलीवर नाही, *भरल्यावर* मागं उभं राहून बघा. डबल ट्रॉली असेल तर शेवटच्या ट्रॉलीचा.

नवा दिवा घेताना १२ व्होल्टचा, पाणी न शिरणारा सीलबंद एलईडी घ्या. बॅटरीवर ताण कमी. एलईडी इंडिकेटर बसवल्यावर तो भराभर लुकलुकला तर दिवा खराब नाही, जुना फ्लॅशर बदलावा लागतो. ट्रॅक्टरवर फिरता दिवा लावायचा तर पिवळाच. लाल-निळा लावू नका, तो पोलिसांसारख्यांचा.

आता खरं दुखणं. बऱ्याच वेळा बल्ब चांगला असतो, *अर्थिंग* गेलेलं असतं. दिवा मंद लागतो, किंवा ब्रेक दाबला की इंडिकेटरपण मिणमिणतो, ही त्याची खूण. ट्रॉलीचं अर्थिंग नुसत्या हूकच्या पिनेवर सोडलेलं असतं. तिथं ग्रीस आणि गंज, मग करंट जाणार कसा? प्लगमधून अर्थिंगची वेगळी वायर घ्या, चासीवर जिथं जोडाल तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरनं घासून बोल्ट आवळा. वळताना ताणणार नाही एवढी वायर ढिली ठेवा, पण जमिनीला घासू देऊ नका. आणि फ्यूज उडाला म्हणून तिथं तार गुंडाळू नका. वायरिंग पेटतं, वर पाचट असतं.

रिफ्लेक्टर टेपला बॅटरी लागत नाही, म्हणून ती हवीच: मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी. ओल्या फडक्यानं पुसा. डिझेलनं नको, धूळ चिकटते.

रस्त्यात पंक्चर झालं तर लाल त्रिकोण बऱ्याच मागं ठेवा. चाकाला लावलेले दगड निघताना उचला, ते तसेच राहतात आणि मागून येणारा मोटरसायकलवाला त्यावर पडतो.

दिवा का लागत नाही ते कळत नसेल तर प्लगचा आणि जोडणीचा फोटो याच नंबरवर पाठवा. संध्याकाळच्या खेपेआधी पाठवला तर बरं, लगेच बघून सांगतो.