कोंबडीचे पोटभाडेकरू

दिवसभर उकिरडा उकरणाऱ्या गावठी कोंबडीच्या पोटात एकही जंत नाही, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर खुशाल हसा. थोडेफार असतातच, आणि धडधाकट कोंबडी ते निभावून नेते. हाल होतात ते तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांचे. पंख पडलेले, छातीचं हाड वर आलेलं, खाऊनही वाढ नाही.

यातला दांडगा म्हणजे गोल जंत, अस्कॅरिडिया गॅली. मादी 10-12 सेंटीमीटरपर्यंत वाढते. क्वचित एखादा वाट चुकून अंडनलिकेत शिरतो आणि कवचाच्या आत बंद होतो. ऑम्लेटसाठी अंडं फोडावं तर आत हे महाशय! माणसाला तो बाधत नाही. तरी ते ऑम्लेट पुढे कुणी खाल्ल्याचं ऐकिवात नाही.

ताज्या शिटेत चोच मारली म्हणून लगेच लागण होत नाही. जंताच्या अंड्यात अळी तयार व्हायला ओल आणि ऊब मिळूनही दीड-दोन आठवडे लागतात. त्याआधी तूस बदला, खुराड्याला ऊन दाखवा. निम्मं काम फुकटात होतं.

पट्टकृमींना मात्र मध्यस्थ लागतो: कुणाला मुंगी, कुणाला भुंगेरा, कुणाला गोगलगाय. म्हणजे कोंबडी चवीने जे टिपते, नेमकं तेच. शिटेत भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे दिसले की ओळखायचं.

सगळ्यात बेरकी हेटेराकिस. जेमतेम सेंटीमीटरभर, कोंबडीला फारसा त्रास नाही. पण त्याच्या अंड्यातून हिस्टोमोनास नावाचा एकपेशीय जीव फिरतो, आणि तो टर्कीचं यकृत पोखरतो. ही अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, गांडुळाच्या पोटातही दबा धरतात. हौसेने टर्की आणणाऱ्यांनी कोंबड्यांचं अंगण तिला देऊ नये.

औषधाचं म्हणाल तर पिपरेझिन गोल जंतांना फक्त लुळं पाडतं. बाहेर ढकलायचं काम आतडंच करतं. पट्टकृमींपुढे ते कुचकामी. म्हणून आधी शीट तपासून घ्या. मिठाच्या संपृक्त पाण्यात ती कालवली की जंतांची अंडी वर तरंगतात, सूक्ष्मदर्शकाखाली जात कळते. लसूण-कडुनिंबावर विसंबू नका. औषध आणि मात्रा पशुवैद्यांकडून घ्या, आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही तिथेच विचारा.

आणि औषध दिल्यावर खुराडं लगेच खरवडून काढा. बाहेर पडलेले जंत अंड्यांनी भरलेले असतात, आणि कोंबड्या तेही आवडीने मटकावतात.