लॉर्नाचं 'बेबदो' ऐकलंय?

परवा वसईतल्या सांडोरला मावसबहिणीच्या लग्नात बँडवाल्यांनी 'बेबदो' धरलं आणि काठी टेकत आलेली आजी काठी विसरून नाचायला लागली!

'बेबदो' म्हणजे कोंकणीत बेवडा. आवाज लॉर्ना कॉर्डेरोचा, संगीत ख्रिस पेरीचं.

ट्रम्पेटवाला मडगावचा पेरी जॅझचा माणूस. 1971च्या सुमारास हे दोघं चर्चगेटच्या 'व्हेनिस' क्लबात वाजवत-गात. लॉर्नाचा आवाज खरखरीत, पोटातून येणारा. आमच्याकडचा 'सोल' म्हणजे हाच, असं माझं ठाम मत.

पुढे दोघांचं बिनसलं. लॉर्ना कित्येक वर्षं गायलीच नाही. 1995मध्ये परतली.

'नाचूंया कुंपासार' सिनेमा याच जोडीवर बेतलेला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाणी मूळचीच, नव्याने वाजवलेली.

लॉर्नाची गाणी ऐकायला कुठून सुरुवात करायची ते कमेंटमध्ये विचारा. जुन्या तबकड्या कुणाकडे आहेत का?