बायबल विरुद्ध परंपरा : भांडण नेमकं कशाचं?
बंगळुरूच्या शिवाजीनगरात २९ ऑगस्टला सेंट मेरी बॅसिलिकावर झेंडा चढतो आणि ८ सप्टेंबरला, मारियेच्या जन्मदिनी, साडी नेसवलेली तिची मूर्ती रथातून मिरवते. मुंबईत मोतमाऊलीची जत्रा भरते ती याच सणाची. बायबलमध्ये मात्र मारियेच्या जन्माबद्दल अवाक्षर नाही. अन्ना आणि योआकिम ही तिच्या आईवडिलांची नावं येतात दुसऱ्या शतकातल्या, बायबलबाहेरच्या एका ग्रंथातून. यावरून ‘कॅथलिक लोक परंपरेला बायबलच्या वर बसवतात’ असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘देई वेर्बुम’ (१८ नोव्हेंबर १९६५) या दस्तऐवजात धर्मग्रंथ आणि परंपरा एकाच उगमातून आल्याचं सांगून, चर्चचा शिकवण्याचा अधिकार देववचनाच्या वर नसून त्याच्या सेवेत आहे, असं स्पष्ट नोंदवलं आहे.

उलटा गैरसमजही तितकाच पक्का : प्रोटेस्टंटांना परंपराच नाही. बंगळुरूतलंच सेंट मार्क्स कॅथेड्रल ज्या चर्च ऑफ साउथ इंडियाचं आहे, ते २७ सप्टेंबर १९४७ला स्थापन झालं. तारणाला आवश्यक ते सारं बायबलमध्ये आहे, हा त्याचा पाया; तरी निकियाचा विश्वासांगीकार आणि बिशपपदाची जुनी व्यवस्था त्याने ठेवलीच. २५ डिसेंबर ही तारीख तरी बायबलमध्ये कुठे आहे? म्हणजे वाद परंपरा असावी की नसावी हा नाहीच. ती बायबलच्या कसोटीवर तपासायची, की बायबलचा अर्थ तिच्यासोबतच लावायचा, हा आहे.

कॅथलिक इथे बिनतोड वाटणारा मुद्दा काढतात : नव्या करारातल्या आजच्या २७ पुस्तकांची यादी प्रथम बिशप अथानासियसच्या ३६७ सालच्या पत्रात दिसते, मग बायबल चर्चनेच दिलं ना? प्रोटेस्टंट म्हणतात, चर्चने ती पुस्तकं ओळखली, त्यांना अधिकार दिला नाही. हे उत्तर मला पटतं, पण अर्धंच. कारण ओळखण्यातही मतभेद झाले. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. पंडिता रमाबाईंचंच पाहा. त्यांनी इंग्लंडमधल्या आपल्या गुरू सिस्टर जेराल्डीन यांना ठणकावलं होतं, की पाद्री-बिशपांचा प्रत्येक शब्द आपल्यावर बंधनकारक नाही. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ला प्रसिद्ध झालं. चर्चच्या अधिकाराला इतक्या निर्भयपणे प्रश्न विचारणाऱ्या रमाबाईंनाही बायबलमध्ये कोणती पुस्तकं घ्यायची, हे परंपरेनेच ठरवून दिलेलं होतं.