पान्हा का फुटतो?

गेल्या दिवाळीत, ऐन वसुबारसेच्या सकाळी, कोडोलीला मामीच्या गोठ्यातून मला बाहेर काढण्यात आले.

मी शहरातला माणूस. धार कशी काढतात ते पाहावे म्हणून हौसेने आत शिरलो. म्हशीचे रेडकू भाद्रपदात दगावलेले. मामीने पुढ्यात सरकी ठेवली, कास धुतली, सड चोळले, चरवी गुडघ्यांत धरली. पण चार थेंबांपलीकडे दूध येईना.

“पान्हा चोरतीया,” मामी म्हणाली. “तू जरा भाईर हो बघू. परकं माणूस बघितलं की दूध वर वढून घेती ती.”

म्हैस दूध वर ओढून कशी घेईल, म्हणून मला हसू आले. पण मामी शरीरशास्त्रच सांगत होती; ‘वर ओढते’च्या जागी ‘खाली सोडत नाही’ एवढाच काय तो फरक.

कासेतले दूध टाकीतल्या पाण्यासारखे तोटीवर येऊन थांबलेले नसते. म्हशीचे तर बहुतेक सगळे वरच्या बारीक बारीक कोषांत असते. रेडकू ढुशा देऊ लागले की ती वर्दी मज्जातंतूंवाटे मेंदूत पोचते. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची लहानशी ग्रंथी टांगलेली आहे. तिच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन हे द्रव्य रक्तात उतरते. ते कासेत आले की कोषांभोवतीच्या पेशी आवळतात आणि दूध खाली धावते. हाच पान्हा! रेडकू नसले तरी रोजचा हात, रोजची वेळ, सरकीचा वास एवढ्यावरही जनावर सवयीने पान्हवते. मात्र परका दिसला, काठी बसली, की मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, निरोप अडतो आणि चरवी कोरडी राहते.

अशा निरोप्या द्रव्यांना स्टार्लिंग ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०५ साली ‘हार्मोन’ म्हटले. आपण संप्रेरक म्हणतो. लाळेला नळी असते, ह्यांना नसते. रक्त हाच ह्यांचा पोस्टमन. तो पत्र घरोघर नेतो, पण ज्याला ती लिपी वाचता येते तोच अवयव हलतो. बहुतेक संप्रेरकांचा कारभार मोठा काटकसरीचा असतो. जेवणानंतर रक्तात साखर वाढली की स्वादुपिंड इन्शुलिन सोडते, उतरली की हात आखडते. गळ्यातल्या थायरॉइडचा स्राव पुरेसा झाला की तिला हुकूम देणारी पीयूषिका गप्प बसते.

प्रसूतीत मात्र उलटा न्याय. मुलाचे डोके गर्भाशयाच्या मुखावर दाबले जाते, म्हणून ऑक्सिटोसिन सुटते. त्याने कळ येते, डोके आणखी दाबले जाते, आणखी ऑक्सिटोसिन! मूल जन्माला येईपर्यंत हे चक्र चढतच जाते.

ओसरीवर मामेबहीण तान्ह्याला घेऊन बसली होती. तिच्या बाळंतपणात मूल झाल्यावर रक्तस्राव थांबेना. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शने दिली, पोटावरून गर्भाशय चोळले. ते आवळले, उघड्या रक्तवाहिन्या मिटल्या आणि पोर वाचली. त्या इंजेक्शनांत ऑक्सिटोसिनच होते. व्हिन्सेंट द्यू व्हीन्यो ह्यांनी १९५३ साली ते प्रयोगशाळेत घडवले आणि १९५५ चे नोबेल मिळवले. आज प्रत्येक प्रसूतीनंतर लगेच त्याची १० युनिटे द्यावीत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

आणि हेच औषध चिठ्ठी नसलेल्या बाटलीतून मामीच्या दारीही आले होते. “सुई टोचा, म्हस भडाभडा दूध देती,” असे सांगणारा एक गृहस्थ रेडकू गेल्याच्या आठवड्यातच हजर. घरात दुधाच्या बिलावर किराणा चालतो, तेव्हा मोह लहान नव्हता. पण सुईची सवय लागली की जनावर सुईवाचून पान्हवत नाही. दुधासाठी असे अपायकारक इंजेक्शन देणे १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. ह्या गैरवापरापायीच केंद्र सरकारने २०१८ साली औषधाच्या खाजगी उत्पादनावर बंदी घातली होती. बाळंतिणींना ते मिळेनासे होईल ही भीती पुढे आली आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. शहरातल्या गृहिणींना धास्ती वाटते ती दुधातून आपल्या मुलींच्या पोटात जाण्याची. तिला फारसा आधार नाही. हा नऊ अमिनो आम्लांचा इवलासा मणिहार पोटात इतर प्रथिनांसारखा पचून जातो. इन्शुलिन गोळीऐवजी टोचून का घ्यावे लागते? त्याच कारणाने. अन्याय होतो तो म्हशीवर.

मामीने त्या गृहस्थाला परत पाठवले. “माझ्या लेकीला जे लागलं, ते असलं बाटलीतलं खेळणं न्हवं,” एवढेच ती म्हणाली.

मी अंगणात उभा होतो. शेजारी गायवासराची पूजा चालली होती. गोठ्यातून मामीचे म्हशीशी काहीबाही बोलणे ऐकू येत होते. एवढ्यात तान्हे रडले, आणि बहिणीने लगबगीने पदर सावरला. त्या नुसत्या आवाजानेच तिला पान्हा फुटला होता. मी तोंड फिरवून रस्त्याकडे पाहू लागलो.

जरा वेळाने चरवीत पहिली धार वाजली. आधी बारीक, पत्र्याची, मग फेस चढेल तशी जड. दुसऱ्या दिवसापासून मला गोठ्याच्या दारापर्यंतच परवानगी होती.