विश्लेषण : घरी बनवलेला लाकडी कॅम्पिंग ट्रेलर पनवेलच्या रस्त्यावर आणता येतो का?

थेंबाच्या आकाराचा एक लाकडी डबा. आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण उचललं की छोटासा ओटा आणि पुढे ओढायला घरचीच कार. ‘टिअरड्रॉप ट्रेलर’चे असे व्हिडिओ सध्या अनेकांच्या फीडमध्ये दिसतात. पनवेलमध्ये राहणाऱ्याला तर त्याचा मोह पडणं साहजिकच आहे. एकीकडे पुण्याकडे जाणारा एक्सप्रेसवे, दुसरीकडे इथूनच सुरू होऊन कोकणमार्गे कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६. प्लायवूड, सुतार आणि वेल्डरही शहरातच मिळतात. मग असा ट्रेलर घरी बनवता येईल का? आणि बनवला तर तो रस्त्यावर नेता येईल का? या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत.

टिअरड्रॉप ट्रेलर म्हणजे काय?

ही कल्पना १९३०च्या दशकातल्या अमेरिकेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती जास्त पसरली. १९४७ मध्ये ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकाने त्याचे आराखडेच छापले आणि लोक आपापल्या गॅरेजमध्ये ट्रेलर बांधू लागले. आकार साधारण ४ फूट रुंद आणि ८ फूट लांब. कारण सोपं आहे, प्लायवूडचा शीट तेवढाच असतो. आपल्याकडेही ८ बाय ४ हाच नेहमीचा शीट आहे. पुढून गोल आणि मागे निमुळता आकार असल्यामुळे हवेचा अडथळा कमी होतो आणि ओढणाऱ्या गाडीवरचा ताणही घटतो.

पनवेल आणि चाकांचं नातं काय?

लाकडी गाडी ही पनवेलला नवी गोष्ट नाही. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता चाकांच्या गाड्यांसाठी खुला झाला आणि देशावरच्या बैलगाड्या माल घेऊन पनवेल बंदरात उतरू लागल्या. बैलगाडीची चाकं बनवणं हा इथला मोठा उद्योग असल्याची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये आहे. घाटावरून आलेले गाडीवान परतताना पनवेलच्या चाकांची जोडी घेऊन जात.

बांधताना कशाकडे लक्ष द्यायचं?

पहिला प्रश्न पावसाचा. कोकणातल्या चार महिन्यांत साधा कमर्शियल प्लाय टिकत नाही. आयएस ७१० मानकाचा मरीन प्लाय घ्यावा लागतो. पण पाणी शीटच्या पृष्ठभागातून फारसं आत जात नाही, ते कापलेल्या कडांमधून आणि स्क्रूच्या भोकांमधून शिरतं. म्हणून प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक इपॉक्सीने बंद करणं हे प्लायच्या दर्जाइतकंच महत्त्वाचं. मागच्या झाकणाची बिजागरी ही गळतीची सगळ्यात नेहमीची जागा.

दुसरा प्रश्न वजनाचा. १८ मिमी जाडीचा एक शीट साधारण ३५ किलोच्या आसपास भरतो, ९ मिमीचा त्याच्या निम्मा. तळ आणि दोन बाजू १८ मिमीच्या आणि छत, दारं, कप्पे यांसाठी ९ मिमीचे चार शीट धरले तरी नुसतं प्लायवूडच पावणेदोनशे किलोच्या घरात जातं. त्यात लोखंडी सांगाडा, अॅक्सल, चाकं, गादी, बॅटरी, पाणी मिळवलं की आकडा सहज ३५० ते ४०० किलोवर पोहोचतो. त्यामुळे एकही पाटी कापण्याआधी कारचं मॅन्युअल उघडून ती किती वजन ओढू शकते ते पाहायला हवं. मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढू नका असं लिहिलं असेल, तर विषय तिथेच संपतो.

तिसरा प्रश्न तोलाचा. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळते आणि जू वर उचललं जातं, हे गाडीवानाला पक्कं ठाऊक असायचं. ट्रेलरचंही तेच. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या हुकावर यायला हवा. म्हणजे ४०० किलोच्या ट्रेलरमध्ये ४० ते ६० किलो. तो कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो आणि घाटाच्या उतारावर तो सावरणं कठीण होतं. टिअरड्रॉपचा ओटा, भांडी आणि गॅस मागेच असतात, त्यामुळे ही चूक होण्याची शक्यता इथे जास्त.

झोपायच्या जागेत शेगडी कधीही पेटवायची नाही आणि झोपताना हवा खेळती राहील अशी दोन तरी भोकं उघडी ठेवायची. इतक्या लहान बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. ट्रेलर चालू असताना आत कोणीही बसायचं नाही.

कायदा काय सांगतो?

अनेकांना वाटतं, ट्रेलरला इंजिन नाही, मग नोंदणी कशाला? पण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २ मधल्या ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश आहे. कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय मोटार वाहन रस्त्यावर आणता येत नाही आणि कलम ६१ नोंदणीचे नियम ट्रेलरलाही लागू करतं. विनानोंदणी वाहनासाठी कलम १९२ मध्ये पहिल्या वेळी ५ हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

खरी अडचण पुढे आहे. आरटीओ नवीन वाहनाची नोंदणी विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१ आणि रस्त्यायोग्यतेचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २२ अशा कागदांवर करतं. हे कागद विक्रेता आणि उत्पादक देतात. उत्पादकाला त्याआधी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली आपला नमुना पुण्याची एआरएआय, सीआयआरटी किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. एकच ट्रेलर बनवणाऱ्या हौशी माणसाकडे यातलं काहीच नसतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत घरगुती ट्रेलर तपासून त्याला क्रमांक दिला जातो. आपल्याकडे तशी रुळलेली वाट नाही.

कारला हूक लावण्याचाही प्रश्न आहे. कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्यामुळे कार कंपनी आणि आरटीओ यांना लेखी विचारल्याशिवाय वेल्डरकडे जाऊ नये.

दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा. विनानोंदणी ट्रेलरला स्वतःचा थर्ड पार्टी विमा मिळणार नाही आणि अपघात झाला तर कारची विमा कंपनीही हात वर करू शकते. समोरचा माणूस जखमी झाला तर भरपाईचा बोजा थेट मालकावर येऊ शकतो.

मग हौस कशी भागवायची?

तीन मार्ग आहेत. पहिला, रस्त्यावर न्यायचा नाही असं ठरवून ट्रेलरऐवजी शेतावर किंवा फार्महाऊसवर कायमचा टिअरड्रॉप बांधायचा. दुसरा, कारमध्ये कायमस्वरूपी बदल न करता मागच्या सीट पाडून त्यावर बसेल असा सुटा प्लायवूडचा पलंग आणि ओट्याची पेटी बनवायची. तिसरा, मान्यताप्राप्त उत्पादकाकडून नोंदणीसह कॅराव्हॅन घ्यायची किंवा भाड्याने आणायची. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं आहे आणि मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ हे मानकही आहे.

तरीही स्वतःच बांधलेला ट्रेलर रस्त्यावर हवाच असेल, तर सुतार शेवटी आणि आरटीओ आधी. पनवेलच्या, म्हणजे एमएच ४६ च्या कार्यालयात आराखडा घेऊन जा, कोणते कागद लागतील ते लेखी विचारा आणि उत्तर हातात आल्यावरच प्लायवूडची ऑर्डर द्या.